सबंध रंकाळा

रंकाळा किती मोठा आहे, हें कोल्हापुरांत जन्म घालविलेल्या मनुष्यासहि त्याचें छायाचित्र घ्यावयास जाईपर्यंत कळत नाहीं. आमच्या आत्याबाईंचें लहानपण या तलावाच्या काठीं गेलें. पुढें लग्न होऊन त्या इंदुरास गेल्या, आणि आतां वय व गुडघे या दोहोंमुळें त्यांचें माहेरीं येणें संपल्यासारखेंच आहे. गेल्या दिवाळींत टेलिफोनवर त्या म्हणाल्या, "तुम्ही पाठवितां तीं चित्रें म्हणजे नुसते तुकडे. एकांत संध्यामठ, एकांत शालिनी पॅलेस. एकदां सबंध रंकाळा दाखवा, बरें!" हें ऐकून आम्हीं आमच्या पुतण्यास हाताशीं धरलें.

देखावा एका चौकटींत मावत नाहीं, ही अडचण कांहीं आजची नव्हे. वर्तुळाकार चित्रांत अवघें शहर दाखविण्याच्या युक्तीचें पेटंट रॉबर्ट बार्कर या चित्रकारानें १७८७ सालीं घेतलें; आणि १८५८ सालीं फेलिस बिआटो यानें लखनौचीं ओळीनें छायाचित्रें घेऊन तीं शेजारीं शेजारीं जोडलीं. आमच्या गांवाचें म्हणाल, तर नाटकांचे पडदे रंगविणाऱ्या बाबुराव पेंटर यांनीं येथेंच १९१८ च्या सुमारास स्वतः सिनेमाचा कॅमेरा तयार केला व १९२० सालीं 'सैरंध्री' काढला. अशा गांवांत असल्या खटपटीची लाज वाटण्याचें कारण नाहीं.

पहिल्या दिवशीं आम्ही सायंकाळीं गेलों, हीच मुळांत चूक. शहराच्या बाजूच्या काठावर उभे राहून, हात लांब करून, मोबाइलनें डावीकडून उजवीकडे सात छायाचित्रें घेतलीं आणि घरीं येऊन तीं संगणकावर हगिन नांवाच्या प्रोग्रॅमच्या स्वाधीन केलीं. हा प्रोग्रॅम फुकट मिळतो, म्हणून आम्हांस विशेष प्रिय. त्याची रीत अशी कीं, शेजारच्या दोन छायाचित्रांत सामाईक असलेल्या बारीक खुणा, म्हणजे खिडकीचा कोपरा, दिव्याचा खांब, झाडाची फांदी, तो हुडकून काढतो. मग त्या एकमेकींवर नेमक्या येईतों छायाचित्रें सरकवितो, फिरवितो, किंचित् वांकवितो. दोन पन्हे जोडून चादर करतांना नक्षी जुळवून घेतात, तसाच हा प्रकार. मात्र पाण्यांत व आकाशांत असली खूण मिळत नाहीं. या छायाचित्रांतली लाट पुढच्या छायाचित्राच्या वेळीं तेथें राहिलेली नसते. म्हणून प्रत्येक जोडींत काठाचा कांहीं भाग आलाच पाहिजे.

आमचें पहिलें जोडचित्र पाहून घरांत हंशा पिकला. समोर मावळता सूर्य. कॅमेऱ्यानें दर वेळीं उजेडाचा निराळा हिशेब केला आणि आकाशास पट्टे पडले. काठाचा कठडा तर मध्येंच तुटून वीतभर खालीं गेला. पुतण्या प्रोग्रॅमला दोष देऊं लागला. परंतु दोष आमच्या हातांचा होता. वाचकांनीं एक डोळा मिटून, हात लांब करून अंगठा उभा धरावा व मान हळूहळू वळवावी. अंगठा मागच्या भिंतीवरून सरकलेला दिसेल. कारण मान वळतांना डोळा जागचा हलतो. तद्वत् आम्ही कमरेंतून वळलों, तेव्हां मोबाइलचें भिंग हातभर फिरलें. दूरच्या झाडांस त्याचें कांहीं वाटलें नाहीं, जवळचा कठडा मात्र सरकला. ही चूक मागाहून संगणकावर पुरती निस्तरत नाहीं. काम बिघडतें किंवा साधतें तें काठावरच.

दुसऱ्या खेपेस सूर्य पाठीशीं असतांना, सकाळीं गेलों. तिपाई नेली व भिंग तिच्या फिरण्याच्या बिंदूवरच येईल असें बसविलें; मोबाइल उभा धरला; उजेड व रंग यांचें माप एकदां ठरवून कुलुपबंद केलें. प्रत्येक छायाचित्रांत मागच्याचा तिसरा हिस्सा पुन्हां आला पाहिजे, हा नियम पाळल्यामुळें अकरा छायाचित्रें लागलीं. या वेळीं जोड कोठें आहे, हें आम्हांसहि दाखवितां येईना. फक्त समोरचा सरळ रस्ता धनुष्यासारखा वांकला. डब्याभोंवतीं गुंडाळलेला कागद सोडवून सपाट करावा, तसें हें चित्र असतें; त्यांत इतकें चालावयाचेंच.

गंमत पुढेंच आहे. टोपी घातलेले एक वृद्ध गृहस्थ, आमचा कॅमेरा वळे त्याच दिशेनें, संथपणें चालले होते. ते चौथ्या, पांचव्या व सहाव्या छायाचित्रांत उजव्या कडेस आले, आणि जोडचित्रांत एकाच रस्त्यानें एकामागून एक तीन जुळे भाऊ चालूं लागले. पुढच्या छायाचित्रांत त्यांची जागा रिकामी होतीच. त्यामुळें पुतण्यानें मुखवटा लावून तिघांसहि पुसून टाकलें. चित्र किती स्वच्छ झालें, असें आम्हींच त्याला म्हणालों. तें चार फूट लांब छापून, नळींत घालून इंदुरास धाडलें.

आठ दिवसांनीं आत्याबाईंचा टेलिफोन आला. "चित्र फार सुरेख आहे रे! संध्यामठ आणि पॅलेस एका नजरेंत मीं जन्मांत पाहिले नव्हते; मान वळवावी लागायची. पण सकाळच्या प्रहरीं रंकाळ्यावर चिटपांखरूं नाहीं, तें कसें? गांवांत कांहीं वाईट घडलें होतें का?"

यावर काय उत्तर द्यावें? तीनहि गृहस्थ खरे होते, पण तिघे एकत्र खोटे. आणि एकहि नसणें हें तर त्याहून मोठें खोटें, हें आम्हांस तोंवर सुचलें नव्हतें. घरांत मोठा वाद झाला. वहिनींच्या मतें तिघांसहि ठेवावें, कारण तेवढा वेळ ते चाललेच होते. शेवटीं पांचव्या छायाचित्रांतले गृहस्थ, ज्यांत त्यांचें तोंड पाण्याकडे वळलें आहे, तेवढे परत आणले व नवी प्रत धाडली. पहिलीचा खर्च पुतण्यानें आपण होऊन सोसला.

आतां आत्याबाई विचारतात, हे कोण, कोणाच्या घरचे? त्यानंतर दोन सकाळीं आम्ही मुद्दाम रंकाळ्यावर जाऊन आलों. ते गृहस्थ कांहीं दिसले नाहींत. त्यांच्यासाठींहि एक प्रत छापून ठेवली आहे.