पापणीचा एक केस आणि डोळ्यांची जयणा

जैन दर्शनात जीवांची वर्गवारी इंद्रियांच्या संख्येवरून केली जाते. स्पर्श, रस आणि घ्राण यांच्यानंतर चौथे इंद्रिय म्हणून चक्षू येते. म्हणजे दृष्टी लाभण्यासाठी जीवाला चतुरिंद्रियापर्यंतची वाटचाल करावी लागते. आपला आचारही दृष्टीवरच उभा आहे. ईर्यासमितीत पुढची भूमी पाहून पाऊल टाकायचे असते. धान्य निवडणे, पाणी गाळणे, पूजणीने जागा प्रमार्जित करणे, स्वाध्यायासाठी पोथी उघडणे, यांतील कोणतीही क्रिया स्वच्छ नजरेवाचून यथार्थ होत नाही. असे असूनही डोळ्यांच्या किरकोळ वाटणाऱ्या तक्रारी आपल्या घरांत बऱ्याचदा मागे पडतात. आजी म्हणतात, डोळ्यात काहीतरी खुपते. काकासाहेब पेढीवर बसून दिवसभर रुमालाने डोळे टिपत राहतात. घरचे कधी वयाला दोष देतात, कधी उन्हाला, कधी दुकानातल्या मिरचीच्या धुरळ्याला.

अशा तक्रारींमागे पुष्कळदा एक अगदी साधे कारण असते. पापणीचा केस बाहेर वळण्याऐवजी आत वळलेला असतो आणि तो बुबुळावर घासत असतो.

केस आत का वळतो?

वरच्या पापणीला साधारणतः ९० ते १५० केस असतात आणि खालच्या पापणीला ७० ते ८०. धूळ व घाम अडवणे आणि काही जवळ येताच पापणी मिटण्याची सूचना देणे, हे त्यांचे काम. ते बाहेरच्या बाजूस वाकलेले असतात म्हणूनच डोळ्याचे रक्षण होते. हेच केस आत वळले की रक्षकच इजा करू लागतो. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, ज्याला कॉर्निया म्हणतात, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा असतो. आपण मिनिटाला सुमारे १५ वेळा पापणी लवतो. या हिशेबाने एकच केस दिवसाकाठी दहा हजारांहून अधिक वेळा त्या पडद्यावरून फिरतो.

हा विकार तीन प्रकारांनी दिसतो. पापणीची कड जागेवर असून केवळ केसांची दिशा बदलली असेल, तर त्यास ट्रायकियासिस म्हणतात. पापणीची कडच आत दुमडली असेल तर ते एन्ट्रोपियन. उतारवयात खालच्या पापणीचे स्नायू व बंध सैल पडल्याने हे विशेष आढळते. क्वचित नेहमीच्या रांगेमागे केसांची दुसरी रांग उगवते, ते डिस्टिकियासिस. लहान मुलांत कधी कधी खालच्या पापणीजवळ त्वचेची जादा घडी असते आणि ती केसांना आत ढकलते. पुष्कळ मुलांत ही घडी वाढत्या वयाबरोबर आपोआप ओसरते, तरीही तपासणी आवश्यक असते. रुग्णाला चारही अवस्थांत खुपते तसेच, परंतु उपचार वेगवेगळे. म्हणून निदान नेत्रतज्ज्ञानेच करावयास हवे.

केसांची दिशा बिघडण्याची कारणे अनेक आहेत. पापणीच्या कडेला कोंड्यासारखे खवले धरून वर्षानुवर्षे राहणारी सूज, भाजणे, डोळ्यात चुना किंवा रसायन उडणे, एखाद्या औषधाची तीव्र प्रतिक्रिया, ही त्यांतील काही. आपल्या समाजाच्या दृष्टीने आणखी एक कारण महत्त्वाचे आहे.

जुन्या खुपऱ्यांचा वण

मराठीत ज्याला खुपऱ्या आणि हिंदी-मारवाडीत रोहे म्हणतात, तो ट्रॅकोमा हा जिवाणूंमुळे होणारा संसर्ग. हात, एकच पंचा आणि माश्या यांच्यामार्फत तो मुलांत पसरतो. बालपणी तो पुनःपुन्हा झाला की पापणीच्या आतल्या बाजूस वण पडतात. हे वण वर्षानुवर्षे आकसत जातात आणि अखेर पापणीची कड आत ओढतात. म्हणजे बालपणीच्या आजाराचे फळ साठीत भोगावे लागते.

पाण्याची टंचाई आणि धूळ असलेल्या राजस्थान, गुजरात या प्रदेशांत हा रोग एकेकाळी घरोघर होता. देशात १९६३ साली राष्ट्रीय ट्रॅकोमा नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने, भारतातून सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून ट्रॅकोमाचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. ही अभिमानाची गोष्ट खरी. पण संसर्ग गेला तरी जुने वण राहतात. ज्यांचे बालपण मारवाड, मेवाड किंवा कच्छमध्ये गेले आणि जे पुढे व्यापारानिमित्त महाराष्ट्रात स्थायिक झाले, अशा ज्येष्ठांच्या वरच्या पापण्या म्हणून मुद्दाम तपासून घ्याव्यात.

हा विकार प्राचीन वैद्यांना ठाऊक होता. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात त्यास पक्ष्मकोप असे नाव असून भुवई आणि पापणीचे केस यांच्यामधील त्वचेची जवाच्या आकाराची पट्टी काढून टाके घालण्याची शस्त्रक्रिया वर्णिली आहे. पापणीची कड बाहेर वळवावी, हे तत्त्व आजही कायम आहे.

उशीर केल्यास काय होते?

प्रारंभी खुपणे, पाणी येणे, लाली आणि उजेड सहन न होणे एवढेच दिसते. पुढे कॉर्नियावर ओरखडे पडतात. ओरखड्यातून जंतू शिरले की व्रण होतो, आणि व्रण भरला तरी तेथे पांढरा डाग उरतो. जुनी माणसे त्यालाच डोळ्यात फूल पडणे म्हणतात. मोतीबिंदूने गेलेली दृष्टी कृत्रिम भिंग बसवून बहुधा परत मिळवता येते. कॉर्नियावरील दाट डागाला मात्र औषध नाही. नेत्रदानातून मिळालेल्या कॉर्नियाचे रोपण हाच तेथे मुख्य मार्ग राहतो. नेत्रदानाचे संकल्प आपल्या समाजात श्रद्धेने केले जातात. पण आत वळलेले केस तसेच ठेवून रोपण केले तर नव्या कॉर्नियाचीही तीच गत होते, म्हणून पापणी आधी दुरुस्त करावी लागते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वीही हेच पथ्य.

मधुमेहींनी अधिक सावध असावे. दीर्घकाळच्या मधुमेहात कॉर्नियाची संवेदना मंदावू शकते. अशा वेळी केस घासत राहतो, पण खुपल्याचे जाणवत नाही. खुपणे थांबले याचा अर्थ रोग थांबला असा घेऊ नये.

उपचारांच्या पायऱ्या

पहिली पायरी आराम देण्याची. कृत्रिम अश्रूंचे थेंब घर्षण कमी करतात. कधी डॉक्टर काही दिवसांसाठी संरक्षक कॉन्टॅक्ट लेन्स बसवतात. पापणीच्या कडेला सूज असेल तर कोमट शेक आणि कडेची नियमित स्वच्छता सांगितली जाते. या उपायांनी केसाची दिशा बदलत नाही.

दुसरी पायरी केस उपटण्याची. नेत्रतज्ज्ञ भिंगातून पाहून बारीक चिमट्याने तो मुळासकट काढतात आणि तत्काळ बरे वाटते. मात्र मूळ शाबूत असल्याने चार ते सहा आठवड्यांत केस पुन्हा उगवू लागतो. घरच्या घरी चिमटा लावल्यास केस मध्येच तुटतो, आणि तुटलेले आखूड, ताठ खुंट अधिक टोचते. कात्रीने केस कापणे याच कारणाने घातक आहे.

तिसरी पायरी मूळ नष्ट करण्याची. केस थोडे असतील तर विद्युत्प्रवाह, रेडिओलहरी किंवा लेसर यांनी एकेक मूळ जाळले जाते. अनेक केस एकत्र असतील तर तो भाग गोठवण्याची पद्धत वापरतात. एका बैठकीत काम पुरे होईलच असे नाही.

चौथी पायरी शस्त्रक्रियेची. वणामुळे कड आत ओढली गेली असेल तर ती बाहेर वळवून टाके घालतात. वयामुळे खालची पापणी सैल झाली असेल तर ती ताणून घेतात. या शस्त्रक्रिया सामान्यतः केवळ पापणी बधिर करून होतात आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. काहींमध्ये केस पुन्हा आत वळू शकतात, म्हणून नंतरच्या तपासण्या चुकवू नयेत. पापण्यांच्या या शस्त्रक्रियांचे विशेष शिक्षण घेतलेल्या तज्ज्ञांना ऑक्युलोप्लास्टी सर्जन म्हणतात.

डोळा लाल दिसताच औषधाच्या दुकानातून परस्पर थेंब आणण्याची सवय मात्र सोडावी. त्यांत स्टेरॉइड असल्यास लाली तात्पुरती ओसरते, पण व्रण चिघळू शकतो आणि डोळ्यातील दाबही वाढू शकतो.

आचार आणि उपचार

आपल्या घरांतील काही शंका डॉक्टरांपुढे मांडल्या जात नाहीत आणि उपचार अडून राहतात. त्या मोकळेपणाने मांडाव्यात. टाक्यांसाठी कधी रेशमी धागा वापरतात. जुना कॅटगट धागा जनावरांच्या आतड्यांपासून बनतो. त्यांना पर्याय म्हणून नायलॉन किंवा विरघळणारे संपूर्ण कृत्रिम धागे मिळतात. शस्त्रक्रिया ठरतानाच त्यांची विनंती करावी. डोळ्यांच्या काही मलमांत लोकरीच्या चरबीपासून काढलेले लॅनोलिन असते. तेही विचारून घेता येते आणि त्याविना असलेली मलमे उपलब्ध आहेत.

चौविहार पाळणारे ज्येष्ठ सूर्यास्तानंतर थेंब घालण्यास कचरतात, कारण औषध घशात उतरल्याची चव येते. डोळ्यापासून नाकाकडे जाणारी अश्रुनलिका त्याचे कारण आहे. थेंब घातल्यावर डोळे मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबून धरल्यास औषध फारसे खाली उतरत नाही. साध्या आराम देणाऱ्या थेंबांच्या वेळा डॉक्टरांच्या संमतीने दिवसा बसवता येतात. व्रण झाल्यास मात्र प्रतिजैविकाचे थेंब रात्रीही तासातासाला घालावे लागू शकतात. पच्चक्खाणांत सर्वसमाधिप्रत्यय हा आगार आहे. त्याचा आश्रय केव्हा घ्यावा हे गुरुभगवंतांना विचारावे. वेळीच केस काढून घेतल्यास हा पेच येण्याचा संभवच कमी होतो.

पूज्य साधु-साध्वीजींच्या बाबतीत श्रावकांचे दायित्व अधिक आहे. अनवाणी विहारात धूळ आणि ऊन डोळ्यांना सतत लागते, वाहनाने रुग्णालयात जाणे आचारात बसत नाही आणि परिषह म्हणून वेदना सोसण्याकडे त्यांचा कल असतो. नेत्रतज्ज्ञास उपाश्रयात वा स्थानकात आणल्यास तपासणी आणि केस काढणे तेथेच होऊ शकते. शस्त्रक्रियेची गरज असेल तर एका गावी चार महिने मुक्काम असलेल्या चातुर्मासात ती आणि नंतरच्या तपासण्या नीट पार पडतात. संघाने चातुर्मास-प्रवेशानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात नेत्रतपासणी ठेवावी. वैयावृत्त्याचा हा फार उपयुक्त प्रकार आहे.

घरातील तपासणी

घरातील ज्येष्ठांना दिवसाच्या उजेडात खिडकीसमोर बसवावे. खाली पाहण्यास सांगून वरच्या पापणीचे केस आणि वर पाहण्यास सांगून खालच्या पापणीचे केस बाजूने निरखावेत. एखादा केस बुबुळाला टेकलेला, आखूड खुंट उरलेले किंवा पापणीची कडच दिसेनाशी झालेली आढळल्यास त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाची वेळ घ्यावी. वेदना, उजेडाचा त्रास, नजर मंद होणे किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसणे, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी जावे. लग्नसराई, वर्षाखेरीचे हिशेब, मालाचा हंगाम, ही कारणे त्या दिवशी बाजूला ठेवावीत. भगवान महावीरांनी क्षणभरही प्रमाद करू नये असा उपदेश केला. आई-वडिलांच्या डोळ्यांतील पाण्याची वेळेवर चौकशी करणे हेही त्या उपदेशाचे पालनच होय.