भूकंपनोंदींचे खुले भांडार

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांच्या सीमेवरील भूभाग हादरला. किल्लारी, सास्तूर यांसह ५२ गावे उद्ध्वस्त झाली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदाचा भार यांखाली हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. दख्खनचे पठार तोवर स्थिर समजले जाई आणि भूकंपाच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. नवी घरे कशी बांधावयाची, याचे उत्तर भूकंपाच्या कारणात दडलेले होते.

ते शोधण्यास एका केंद्राची नोंद पुरत नाही. वीज आधी दिसते व गडगडाट मागाहून ऐकू येतो, तशा भूकंपाच्या प्राथमिक लहरी आधी व दुय्यम लहरी नंतर पोहोचतात. दर सेकंदाच्या अंतरास सुमारे ८ किलोमीटर, असा ढोबळ हिशेब आहे. किल्लारीपासून सुमारे २१५ किलोमीटरवरील हैदराबादेस हे अंतर २७ सेकंदांचे भरेल. किमान तीन केंद्रांची अंतरे जुळली म्हणजे ठिकाण कळते. भूकंप किती खोल झाला व खडक कोणत्या दिशेने सरकला, हे ठरविण्यास मात्र जगभरच्या नोंदी लागतात. हा भूकंप अगदी उथळ होता आणि दाबामुळे खडक वर सरकला होता, हे अशाच नोंदींनी दाखविले.

अशा नोंदी जतन करून सर्वांना देण्याचे काम बव्हंशी ना-नफा संस्था करतात. ब्रिटनमधील आंतरराष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र १९६४ पासून देशोदेशींच्या नोंदी संकलित करते. अमेरिकेतील विद्यापीठांनी १९८४ मध्ये ‘आयरिस’ ही संस्था स्थापिली. २०२३ मध्ये तिच्यातून व अन्य एका संस्थेतून ‘अर्थस्कोप’ संघ निर्माण झाला. हैदराबादेतही १९८९ पासून राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या सहकार्याने फ्रेंच ‘जिओस्कोप’ जाळ्याचे केंद्र आहे व त्याच्या नोंदी खुल्या आहेत.

आता हे साठे इतके वाढले आहेत की, ते आपल्या संगणकावर उतरवून घेण्यापेक्षा गणिताच्या सूचनाच साठ्यापाशी पाठविणे सोयीचे ठरते. यालाच क्लाउड म्हणजे मेघसंगणन म्हणतात. दूरच्या संगणकांची शक्ती तासावर भाड्याने मिळते. ते भाडे संस्था अनुदानातून भरते. खुले म्हणजे बिनखर्ची नव्हे, हे विसरले जाते. परंतु त्यामुळे उमरगा वा तुळजापूरच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यासही साध्या संगणकावर या नोंदी अभ्यासता येतात.

२००२ च्या सुधारित नकाशात लातूर परिसर तिसऱ्या विभागात आला. जिल्ह्यात अधूनमधून जमिनीतून गूढ आवाज आल्याची वार्ता पसरते आणि लोक रात्र बाहेर काढतात. अशा वेळी ग्रामपंचायतीने आवाजाची वेळ मिनिट-सेकंदांसह टिपून तहसील कार्यालयास कळविली, तर ती नोंदींशी पडताळता येते. अगदी सूक्ष्म धक्के दूरच्या केंद्रांवर उमटत नाहीत. त्यांसाठी जवळचीच केंद्रे लागतात.