आघातातून जन्मलेली काच

धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी तेर नावाचे गाव आहे. प्राचीन काळी याच गावाला तगर म्हणत आणि येथील माल थेट रोमन साम्राज्यापर्यंत जात असे. तेथील वस्तुसंग्रहालयात अनेक मौल्यवान वस्तू आहेत. परंतु पाहणाऱ्याची नजर खिळते ती रंगीत मण्यांवर. त्यांतील कित्येक मणी काचेचे आहेत. वाळू आणि क्षार भट्टीत वितळवून तगरच्या काळातील कारागिरांनी जे साधले, ते निसर्गानेही केले आहे. मात्र त्याची भट्टी क्षणभरच पेटते आणि तिचा ताप मनुष्याच्या कोणत्याही भट्टीहून भयंकर असतो.

काच म्हणजे काय, हे स्वयंपाकघरातच समजून घेता येईल. साखरेचा दाट पाक दोऱ्यावर दिवसेंदिवस सावकाश थिजू दिला, तर खडीसाखरेचे टोकदार, सपाट बाजूंचे खडे तयार होतात. कणांना नीट रांगा धरून बसण्यास वेळ मिळतो, म्हणून असे घडते. तोच पाक कडक करून चिक्कीसाठी थाळीत ओतला, तर तो चटकन थिजून पारदर्शक व ठिसूळ होतो. कण जेथे होते तेथेच अडकून पडतात. खडकाचेही असेच आहे. वितळलेला खडक हळूहळू निवाला, तर त्यात स्फटिक वाढतात. एकाएकी निवाला, तर त्याची काच होते. ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासूनही अशी काच बनते. परंतु आकाशातून येणाऱ्या अशनीच्या आघाताने होणारी काच हा प्रकार वेगळा आहे.

मोठा अशनी सेकंदाला पंधरा-वीस किलोमीटर वेगाने भूमीवर आदळला, म्हणजे त्याच्या गतीची सारी शक्ती एका क्षणात उष्णता आणि दाब यांच्या रूपाने प्रकट होते. जमिनीतील खडकाचे चूर्ण होते, काही भाग वितळतो, काहीची तर वाफ होते. वितळलेल्या खडकाचे थेंब आकाशात उडतात आणि खाली येता येता थिजतात. म्हणूनच त्यांचे आकार गोळ्यांसारखे, अश्रूंसारखे किंवा डमरूसारखे असतात.

असे थेंब पाहण्यासाठी आपल्याला दूरदेशी जावयास नको. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर अशाच आघाताच्या विवरात आहे. हे विवर सुमारे 1.8 किलोमीटर रुंद असून दख्खनच्या काळ्या पाषाणात खोदले गेले आहे. लवणासुराचा वध येथेच झाला, अशी लोकांची श्रद्धा आहे. सन 1823 मध्ये अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. पुढे दीर्घकाळ अनेक विद्वान हे ज्वालामुखीचे मुख समजत असत, आणि त्यांना दोष देता येत नाही. साऱ्या दख्खनचा पाषाणच मुळी लाव्ह्याचा. तेथे गोल खड्डा दिसला, तर दुसरे काय सुचणार?

वादाचा निकाल लावला तो काचेने. अमेरिकेतील कर्ट फ्रेड्रिक्सन आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील दुबे व बालसुंदरम् यांच्यासह काही संशोधकांनी लोणारचे खडक तपासले आणि आपले निष्कर्ष 1973 मध्ये प्रसिद्ध केले. त्यांना काचेचे बारीक गोलक तर मिळालेच, पण त्याहून महत्त्वाचा असा मॅस्केलिनाइट हा पदार्थही आढळला. खडकातील फेल्डस्पार नावाच्या खनिजावर प्रचंड दाबाचा तडाखा बसला, म्हणजे ते न वितळताच काचेसारखे होते. स्फटिकाचा बाह्य आकार तसाच राहतो, आतील रचना मात्र मोडून जाते. ज्वालामुखीत उष्णता पुष्कळ असते, पण असा तडाखा नसतो. गंमत अशी, की हा पदार्थ 1872 मध्ये प्रथम ओळखला गेला तोही भारतातच पडलेल्या एका अशनीत. तो अशनी 1865 मध्ये बिहारमधील शेरघाटी येथे पडला होता आणि तो मंगळावरून आलेला आहे, असे आता मानले जाते.

चंद्रावरील काळसर मैदानेही लाव्ह्याच्याच पाषाणाची आहेत. तेथून आणलेल्या मातीतही आघाताने बनलेले काचेचे गोलक सापडले. त्यामुळे चंद्राचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ लोणारला येऊ लागले.

जगाच्या इतर भागांतील अशा काचा दिसावयास अधिक मोहक आहेत. जर्मनीत सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी झालेल्या आघाताचे थेंब शेकडो किलोमीटर दूर, आजच्या चेक देशात जाऊन पडले. त्यांची हिरवी, सुरकुतलेली काच मोल्डावाइट या नावाने प्रसिद्ध आहे. इजिप्तच्या पश्चिमेकडील वाळवंटात पिवळी काच मिळते. तुतनखामेन राजाच्या थडग्यात सापडलेल्या एका दागिन्यातील भुंगा त्याच काचेतून कोरलेला आहे. संग्राहक अशा तुकड्यांसाठी मोठी किंमत मोजतात आणि जेथे किंमत तेथे लबाडी आलीच. हिरव्या बाटल्या वितळवून बनवलेले खोटे मोल्डावाइट बाजारात येतात. खऱ्या तुकड्यात वेडेवाकडे बुडबुडे आणि वितळलेल्या वाळूचे सूक्ष्म तंतू दिसतात.

संग्रह करणे हा काही दोष नव्हे. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात आणि परिसरात मिळणाऱ्या पुराणवस्तू जमवल्या नसत्या, तर आरंभी सांगितलेले संग्रहालयच उभे राहिले नसते. पण त्या वस्तू तेरच्या आहेत हे ठाऊक आहे आणि त्या तेरलाच सर्वांना पाहावयास मिळतात. लोणारच्या काठावरून कोणी काचेचा थेंब खिशात घालून नेला, तर तो कोणत्या थरातला, विवरापासून किती अंतरावरचा, हे सारे पुसले जाते. घरातील कपाटात उरतो तो केवळ एक काळा खडा. लोणार हे अभयारण्य आहे आणि 2020 पासून त्याची रामसर यादीतही गणना होते. तेथील दगड उचलून नेण्यास मनाई आहे, ती उगाच नव्हे.

या खड्यांकडे अजून एका मोठ्या प्रश्नाचे उत्तर आहे: लोणारचे वय काय? तापवल्यावर त्यातून बाहेर पडणाऱ्या मंद प्रकाशावरून 1997 मध्ये ते सुमारे 52 हजार वर्षे ठरले. दुसरी रीत अरगॉन वायूची. खडक वितळला, की जुना अरगॉन निघून जातो आणि नवा पुन्हा मुळापासून साठू लागतो. किती साठला ते मोजून 2011 मध्ये वय निघाले सुमारे 5 लाख 70 हजार वर्षे. दोन उत्तरांत दहापटींचा फरक आहे, आणि तो मिटवण्यासाठी लागणारा पुरावा विवराच्या काठावर, मातीत आणि झुडपांच्या मुळांशी पडून आहे.