संगणकाची रोजनिशी ठेवायची कुठे?

मार्चअखेरची धावपळ सुरू असते आणि संगणकावरील हिशेबाचा प्रोग्राम एकाएकी बंद पडतो. मदत केंद्राला दूरध्वनी केला, की पलीकडून पहिली मागणी येते ती 'लॉग फाइल पाठवा' अशी. मग शोधाशोध सुरू होते. बहुधा फाइल सापडत नाही. सापडलीच तर ती दोन वर्षांपूर्वीची निघते.

लॉग फाइल म्हणजे प्रोग्रामची रोजनिशी. कोणत्या क्षणी, काय करताना, कोणती चूक झाली याची नोंद प्रोग्राम स्वतःच तीत करीत असतो. ही रोजनिशी प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये ठेवण्याचा पूर्वी प्रघात होता. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये त्याला आडकाठी नव्हती. पुढे 'प्रोग्राम फाइल्स' या फोल्डरमध्ये सामान्य वापरकर्त्याला लिहिण्यास मज्जाव झाला. तो रास्तच होता, कारण जिथे कोणीही लिहू शकतो तिथे व्हायरसही लिहू शकतो. मात्र एक्सपीच्या काळात घरोघरी प्रत्येकजण 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' म्हणूनच वावरत असल्याने हा दोष झाकला गेला. प्रोग्राम लिहिणाराही त्याच अधिकाराने काम करी. त्याच्या यंत्रावर सारे सुरळीत चाले.

२००७ मध्ये व्हिस्टा आली आणि झाकण उघडले. जुने प्रोग्राम एकदम ठप्प होऊ नयेत म्हणून मायक्रोसॉफ्टने एक तोडगा काढला. असा प्रोग्राम 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये लिहू लागला, की ते लिखाण गुपचूप वापरकर्त्याच्या 'व्हर्च्युअलस्टोअर' नावाच्या फोल्डरमध्ये वळवायचे. प्रोग्रामला वाटते, आपण जागच्या जागी लिहिले. वापरकर्ता तिथे जाऊन पाहतो, तर जुनीच फाइल! ही सोय तात्पुरती होती, पण तिने गोंधळ वाढवला, असेच म्हणावे लागेल.

विंडोजमध्ये लॉगची योग्य जागा म्हणजे वापरकर्त्याच्या 'अ‍ॅपडेटा' फोल्डरातील 'लोकल' हा विभाग. शेजारचा 'रोमिंग' विभाग टाळावा. अनेक कार्यालयांत त्यातील मजकूर लॉगइन-लॉगआउटच्या वेळी सर्व्हरशी जुळवला जातो. फुगत जाणाऱ्या लॉगचे ओझे नेटवर्कने का वाहावे? मॅकवर वापरकर्त्याच्या 'लायब्ररी'तील 'लॉग्ज' हे फोल्डर ठरलेले असून 'कन्सोल' या प्रोग्रामातून ते वाचता येते. लिनक्सच्या डेस्कटॉपवर बराच काळ मतभिन्नता होती. २०२१ मध्ये तेथील मानकात अशा नोंदींसाठी 'स्टेट' हा स्वतंत्र विभाग आला.

जागेइतकाच मजकूरही महत्त्वाचा. २०१२ मध्ये अ‍ॅपलच्या 'लायन' प्रणालीच्या एका सुधारित आवृत्तीत, फाइलव्हॉल्ट ही जुनी कुलूपव्यवस्था वापरणाऱ्यांचे पासवर्ड उघड्या अक्षरांत लॉगमध्ये नोंदले जात होते. तो लॉग कुलूपबंद भागाच्या बाहेर होता. म्हणजे तिजोरी बंद, किल्ली मात्र दारात! त्याच वर्षी मे महिन्यात पुढील आवृत्ती काढून ही चूक दुरुस्त करण्यात आली. मदत केंद्राला लॉग पाठवण्यापूर्वी तो एकदा स्वतः उघडून पाहावा, तो यासाठी.

'अ‍ॅपडेटा' हे फोल्डर विंडोज दडवून ठेवते, ही आणखी एक अडचण. फोल्डरच्या पत्त्याच्या पट्टीत टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये 'लोकलअ‍ॅपडेटा' हा शब्द इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता टंकित केला, की ते थेट उघडते. खरे तर वापरकर्त्यावर ही वेळच येऊ नये. 'लॉगचे फोल्डर उघडा' अशी एक ओळ मदतीच्या मेन्यूत घालायला प्रोग्रामरला फार तर अर्धा तास लागतो.