चेटकिणी कोणी जाळल्या?

युरोपात चेटकिणी म्हणून झालेल्या हत्यांचा विषय निघाला की सुशिक्षितांच्या तोंडी एक ठरलेले उत्तर असते : मध्ययुगाचा अंधार, धर्मपीठाचा जुलूम आणि नव्वद लाख स्त्रियांची होळी. हे उत्तर सोयीचे आहे. त्यामुळे सारा दोष दूरच्या काळावर व दूरच्या सत्तेवर टाकता येतो. इतिहास मात्र त्याला दुजोरा देत नाही.

या खटल्यांचा कहर मध्ययुगात नव्हे, तर सुमारे १५६० ते १६५० या काळात, म्हणजे छापखाना रुळल्यानंतर झाला. नव्वद लाखांचा आकडा अठराव्या शतकातील एका जर्मन लेखकाने एकाच शहरातील मोजक्या नोंदींवरून केलेल्या ढोबळ हिशेबातून निघाला. आजचे इतिहासकार बळींची संख्या चाळीस ते साठ हजार मानतात. त्यांत सुमारे तीनचतुर्थांश स्त्रिया होत्या. पण आइसलंडमध्ये पुरुषच अधिक होते. सुईणींचे ज्ञान नष्ट करण्यासाठी रचलेला हा कट होता, या लोकप्रिय समजुतीलाही पुरेसा आधार नाही.

मग आरोप करी कोण? बहुधा शेजारी. मूल दगावे, गाय आटे, गारपिटीने पीक झोपे आणि जुन्या भांडणातले नाव ओठांवर येई. ग्रहगतीचे नियम शोधणाऱ्या केप्लरची वृद्ध आई १६१५ मध्ये अशाच आरोपात सापडली. तिने दिलेल्या पेयामुळे आपण आजारी पडलो, असे एका ओळखीच्या बाईचे म्हणणे होते. चौदा महिने तुरुंगात काढल्यावर १६२१ मध्ये, मुलाने नेटाने बचाव केल्यामुळे, ती सुटली. इतर असंख्य जणी सुटल्या नाहीत. कारण स्थानिक न्यायालये छळ करून कबुली घेत आणि त्याच छळातून पुढची नावे काढत. उलट, स्पेनच्या बदनाम धर्मन्यायालयाने १६१० मध्ये सहा जणांना जाळल्यानंतर सालाझार या आपल्याच न्यायाधीशाला गावोगाव पाठवले. त्याला चर्चा भरपूर आढळली, पुरावा कोठेच आढळला नाही. १६१४ मध्ये पुराव्याचे कडक नियम झाले आणि त्या न्यायालयाच्या कक्षेतील हे प्रकार जवळजवळ थांबले.

हा इतिहास मराठवाड्याला परका नाही. हिंगोली-परभणीच्या पट्ट्यात ‘भानामती’ हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. कपडे आपोआप पेटतात, घरावर दगड पडतात, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उमटतात. मग देवऋषी गाठला जातो आणि संशयाचे बोट बहुधा एखाद्या विधवेकडे, भावकीतल्या वैऱ्याकडे किंवा दुबळ्या घराकडे वळते. येथेही आरोप शेजारातच जन्मतो आणि चर्चेवरच पोसला जातो.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झटले, त्याचा अध्यादेश काही दिवसांतच निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा संमत केला. अमुक व्यक्ती करणी करते, मंत्राने जनावराचे दूध आटवते, असे सांगून तिच्याविषयी संशय पसरवणे हा त्यानुसार गुन्हा असून त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावास आहे.

तथापि कायदा आपण होऊन गावात चालत येत नाही. पारावर पहिल्यांदा एखाद्या बाईचे नाव घेतले जाते, तेव्हा तेथे शाळेचे गुरुजी असतात, कचेरीतला कारकून असतो, सुटीवर आलेला विद्यार्थी असतो. त्यांना वाद घालून गावाची श्रद्धा बदलता येईलच असे नाही. पण ‘हे कोणी पाहिले?’ एवढे विचारता येते, आणि न ऐकल्यास पोलिस ठाणे गाठता येते. अज्ञानी गावाला हसून घरी परतणे हे त्यांचे काम नव्हे. युरोपात बळी गेलेल्यांच्या शेजारीही लिहितावाचता येणारी माणसे होती. त्यांतली बहुतेक गप्प राहिली.