मॅक्बेथ : महत्त्वाकांक्षा आणि मनाची टोचणी

महत्त्वाकांक्षा ही उत्कर्षाची जननी होय, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. निबंधांत, बक्षीससमारंभांतील भाषणांत व थोर पुरुषांच्या चरित्रांत तिचें गुणगान ठिकठिकाणीं आढळतें, आणि तें योग्यहि आहे. परंतु ज्या ईर्ष्येनें मनुष्य डोंगर चढतो, त्याच ईर्ष्येनें तो कड्यावरून खालीं कोसळल्याचीं उदाहरणें इतिहासांत थोडीं नाहींत. मग चढण कोठें संपते आणि कडा कोठें लागतो, हें मनुष्यास सांगतें कोण ? शेक्सपीअरनें इ. स. १६०६ च्या सुमारास लिहिलेल्या 'मॅक्बेथ' या शोकपर्यवसायी नाटकांत या प्रश्नाचें जें उत्तर मिळतें, त्याचा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

नाटकाचें कथानक थोडक्यांत असें : मॅक्बेथ हा स्कॉटलंडचा राजा डंकन याचा आप्त व शूर सेनापति. बंडखोरांचा व नॉर्वेच्या सैन्याचा मोड करून तो आपला सोबती बँको याच्यासह परत येत असतां माळरानावर त्यांस तीन चेटकिणी भेटतात. मॅक्बेथ हा कॉडॉरचा सरदार होईल व पुढें राजा होईल, आणि बँको स्वतः राजा न होतां राजांचा मूळपुरुष होईल, असें भविष्य त्या वर्तवितात. कॉडॉरच्या सरदारीची गोष्ट तत्काळ खरी ठरते. राजपदाची गोष्ट खरी करण्यासाठीं मॅक्बेथ, पत्नीच्या प्रोत्साहनानें, आपल्या घरीं पाहुणा म्हणून आलेल्या वृद्ध राजाचा तो निद्रित असतां खून करितो. मिळविलेलें सिंहासन टिकविण्यासाठीं तो बँकोस मारेकऱ्यांकडून मारवितो, मॅक्डफ नांवाच्या सरदाराच्या बायकामुलांची कत्तल करवितो, आणि शेवटीं त्याच मॅक्डफच्या हातून मारला जातो.

हें कथानक शेक्सपीअरनें हॉलिनशेड याच्या बखरींतून घेतलें. परंतु घेतांना त्यानें जे फेरफार केले, त्यांवरून त्याचा हेतु स्पष्ट दिसतो. इतिहासांतील डंकन वृद्ध नव्हता, आणि इ. स. १०४० त तो मॅक्बेथाशीं झालेल्या लढाईंत पडला. त्यानंतर मॅक्बेथानें १०५७ पर्यंत, म्हणजे १७ वर्षें, राज्य केलें. १०५० त तर तो रोमची यात्राहि करून आला. त्या काळीं स्कॉटलंडची गादी बापाकडून थोरल्या मुलाकडेच जावी असा निर्बंध नव्हता. राजकुळांतील इतर कर्त्या पुरुषांसहि तिजवर हक्क सांगतां येत असे. बखरींतील डंकन दुबळ्या हाताचा राजा आहे, आणि बँको खुनाच्या कटांत सामील आहे. शेक्सपीअरनें डंकनास वृद्ध, सौम्य व कृतज्ञ बनविलें, त्यास यजमानाच्या छपराखालीं झोंपविलें, आणि घरीं आलेल्या राजाच्या खुनाचा प्रसंग त्याच बखरींतील डफ नांवाच्या दुसऱ्या एका राजाच्या हकीकतींतून उचलला. बँकोस त्यानें निर्दोष ठरविलें. १६०३ त इंग्लंडच्या गादीवर आलेल्या जेम्स राजाचें घराणें बँकोपासून निघालें अशी तेव्हां समजूत होती, हें त्यांतील राजकीय कारण खरें. तथापि या सर्व फेरफारांचा परिणाम एकच झाला. मॅक्बेथास पुढें करण्यासारखी कोणतीहि सबब उरली नाहीं. उरली ती केवळ महत्त्वाकांक्षा.

आतां त्या चेटकिणींचे शब्द पुन्हां एकवार ध्यानांत आणावे. राजाचा खून कर, असें त्या कोठेंहि म्हणत नाहींत. मॅक्बेथ राजा होईल, एवढेंच त्या सांगतात. बँकोसहि त्यांनीं मोठें आमिष दाखविलें आहे. तो तें ऐकतो, त्याविषयीं साशंक राहतो, आणि झोंपेंत मनांत येणाऱ्या दुष्ट विचारांपासून आपलें रक्षण व्हावें अशी याचना करितो. मॅक्बेथ मात्र भविष्य ऐकतांच दचकतो. क्षणार्धांत त्याच्या डोळ्यांपुढें खुनाचें असें चित्र उभें राहतें कीं, त्याच्या अंगावर कांटा येतो. हें चित्र कोणीं काढलें ? माळरानावर तें नव्हतें. तें त्याच्याच अंतःकरणांतून आलें. आणि विशेष हें कीं, ज्या क्षणीं मुकुट दिसला त्याच क्षणीं त्याची भीतीहि दिसली. पाप आधीं व टोचणी मागून, असा क्रम आपण सामान्यतः समजतों. येथें दोन्ही जुळीं भावंडें आहेत. ज्या कल्पनाशक्तीनें त्यास सिंहासन दाखविलें, तिनेंच रक्तहि दाखविलें.

यापुढें विचार आणि कृति यांमध्यें कांहीं काळ जातो, आणि आमच्या मतें या नाटकाचें मर्म त्या मधल्या काळांत आहे. भाग्यांत असेल तर आपण हात न हालवितांहि राज्य चालून येईल, असें मॅक्बेथ आरंभीं स्वतःशीं म्हणतो. पुढें राजा त्याच्या घरीं भोजनास बसला असतां तो पंक्तींतून उठून एकटाच बाहेर येतो आणि सर्व बाजू मांडून पाहतो : आपण राजाचे आप्त आहों, त्याचे प्रजाजन आहों, आणि आज त्याचे यजमान आहों, ज्यानें मारेकऱ्यास दार बंद करावयाचें त्यानेंच सुरी कशी धरावी? आपणांस पुढें ढकलणारें एका महत्त्वाकांक्षेवांचून दुसरें कांहीं नाहीं, हेंहि तो स्पष्ट ओळखतो. पत्नी येतांच, या कामांत पुढें पाऊल टाकावयाचें नाहीं, असें तो तिला सांगतो. इतकें स्वच्छ दिसत असूनहि तो घसरतो, कारण ती त्याच्या पौरुषाला आव्हान देते, आणि समरांगणावर न डगमगलेला हा वीर पत्नीच्या तोंडचा भ्याडपणाचा आरोप सोसूं शकत नाहीं. खुनाच्या खोलीकडे जातांना हवेंत लोंबणारा खंजीर त्यास दिसतो. पुढें चालण्याची खूण त्यास त्यांत दिसते. तोच खंजीर रक्तानें माखतो, तेव्हां तो भास असल्याचें तो ओळखतो, आणि तरी पुढें जातो.

कृत्य घडल्यावर तो बाहेर येतो, तो विजयी पुरुषासारखा येत नाहीं. शेजारच्या खोलींत कोणी झोंपेंतून जागें होऊन प्रार्थना पुटपुटलें, तेव्हां आपल्या मुखांतून 'आमेन' हा शब्द निघाला नाहीं, याच गोष्टीचा ध्यास त्यास लागतो. आपण निद्रेचाच वध केला असें सांगणारी वाणी त्यास ऐकूं येते. इतक्यांत वाड्याच्या दारावर थापा पडूं लागतात. डी क्विन्सी या इंग्रज निबंधकारानें १८२३ त या थापांवर एक प्रसिद्ध लेख लिहिला. खुनाच्या वेळीं जगाचा नित्यव्यवहार जणूं थांबलेला असतो, आणि या थापांनीं तो पुन्हां सुरू होतो, म्हणूनच त्या ऐकतांना आपण शहारतों, असा त्याचा अभिप्राय आहे. तो आम्हांस यथार्थ वाटतो. अपराधी मनुष्यास सर्वांत दुःसह होतें तें हेंच कीं, सकाळ नेहमींसारखी उजाडते.

लेडी मॅक्बेथची गति याच्या अगदीं उलट आहे. थोड्याशा पाण्यानें हात धुतले कीं झालें, असें ती त्या रात्रीं पतीस सांगते. तिची छाती दगडाची होती असा मात्र समज करून घेऊं नये. धीर यावा म्हणून तिला मद्य घ्यावें लागलें होतें. आणि निजलेला राजा आपल्या वडिलांसारखा दिसला नसता तर आपणच वार केला असता, असें ती बोलून जाते. त्या एका वाक्यांत तिचें भवितव्य आहे. जी टोचणी तिनें जागेपणीं दाबून टाकिली, ती झोंपेंत वर आली. पांचव्या अंकांत ती हातांत दिवा घेऊन झोंपेंत चालते आणि नसलेला डाग पुसण्यासाठीं हात चोळीत राहते. १७८५ त लंडनच्या ड्रूरी लेन नाट्यगृहांत सेरा सिडन्स या नटीनें ही भूमिका केली, तेव्हां हात चोळतां यावे म्हणून तिनें दिवा खालीं ठेविला. रूढि मोडली म्हणून व्यवस्थापकानें आधीं हरकत घेतली होती. परंतु त्या प्रवेशाचा जीव त्या हातांत आहे, हें तिनें ओळखलें होतें.

पतीची वाट मात्र निराळी झाली. बँकोचा खून करवितांना त्यानें तो पत्नीपासूनहि लपविला. मेजवानीच्या वेळीं बँकोचें भूत त्याच्याच आसनावर येऊन बसतें, आणि तें त्याच्यावांचून कोणासहि दिसत नाहीं. त्या प्रवेशानंतर हें जोडपें रंगभूमीवर पुन्हां एकत्र येत नाहीं. ज्या राज्यासाठीं दोघांनीं हात रक्तांत बुडविले, त्या राज्यांत त्यांस एकमेकांशीं बोलावयासहि कांहीं उरलें नाहीं. पुढें मॅक्डफ इंग्लंडास निघून गेल्याचें कळतांच मॅक्बेथ एक निश्चय करितो : यापुढें मनांत येईल तें तत्क्षणीं करावयाचें, मध्यें विचारास जागा ठेवावयाची नाहीं. नाटकांतील सर्वांत भयंकर क्षण आम्हांस हाच वाटतो. विचार आणि कृति यांमधील ज्या अवकाशांत त्याची विवेकबुद्धि बोलत असे, तो अवकाशच त्यानें बुजवून टाकिला. त्याचें पहिलें फळ म्हणजे मॅक्डफच्या निरपराध मुलांची हत्या. त्यानंतर टोचणी थांबते खरी, पण तिच्याबरोबर सर्वच संवेदना थांबतात. पत्नीच्या मरणाची वार्ता आली तेव्हां त्याच्या डोळ्यांत पाणी येत नाहीं. जगणें ही एक निरर्थक बडबड आहे, एवढेंच त्यास वाटतें.

येथें एक शंका उत्पन्न होते. ज्यास इतकी टोचणी होती, तो सुधारला कां नाहीं ? याचें उत्तर शेक्सपीअरनें नाटकाच्या आरंभींच, एका सहज नजरेआड होणाऱ्या पात्राच्या द्वारें देऊन ठेविलें आहे. ज्याची सरदारी मॅक्बेथास मिळाली तो कॉडॉरचा पहिला सरदार राजद्रोही होता. त्यास देहान्त शिक्षा झाली. परंतु मरणापूर्वीं त्यानें अपराध कबूल केला, राजाची क्षमा मागितली, आणि शांतपणें मृत्यु पत्करला. मॅक्बेथानें त्याची पदवी घेतली, त्याचा राजद्रोहहि घेतला. त्याचा पश्चात्ताप मात्र घेतला नाहीं. टोचणी आणि पश्चात्ताप या एकच गोष्टी नव्हेत. टोचणी आपोआप येते. पश्चात्ताप मनुष्यास करावा लागतो, आणि त्यासाठीं जें अन्यायानें घेतलें तें खालीं ठेवावें लागतें. मॅक्बेथाच्या हातून मुकुट सुटला नाहीं. अखेरीस मॅक्डफ समोर आला असतां, तुझ्या घरच्या रक्ताचा भार माझ्या जिवावर आधींच फार झाला आहे, तूं परत जा, अशा आशयाचें तो बोलतो. पश्चात्तापाच्या उंबरठ्यापर्यंत तो एवढाच आला.

आमच्या रंगभूमीस ही कथा परकी राहिलेली नाहीं. शिवराम महादेव परांजपे यांनीं ती 'मानाजीराव' या नांवानें मराठींत आणिली, आणि पुढें वि. वा. शिरवाडकरांनीं 'राजमुकुट' या नाटकांत तिला पुन्हां मराठी रूप दिलें. नांवें पालटूनहि ती आपलीशी वाटते, कारण लोभ आणि भय यांस देशाची शीव नसते.

तर मग महत्त्वाकांक्षा टाकून द्यावी काय ? आम्हांस तसें म्हणावयाचें नाहीं. कॉडॉरची सरदारी मॅक्बेथानें रणांगणावरील पराक्रमानें मिळविली, आणि ती मिळाल्याबद्दल त्यास एक रात्रहि झोंपेवांचून काढावी लागली नाहीं. जें गुणांनीं मिळतें तें घेऊन मनुष्य स्वस्थ निजूं शकतो. कड्याची जागा दाखविणारें साधन प्रत्येकाजवळ आहे, आणि तें कृत्यापूर्वींच बोलूं लागतें. दुसऱ्याच्या पाटीवरील उत्तर उतरून घेतांना हात क्षणभर थबकतो, तोहि त्याचाच लहानसा आवाज होय. त्या थबकण्यास कोणी भित्रेपणा म्हणेल. मॅक्बेथासहि तसेंच म्हटलें गेलें होतें. आमच्या विद्यार्थिबंधुभगिनींनीं तो क्षण घाईनें बुजवूं नये; त्यांत थोडें थांबावें, आणि मग पाऊल उचलावें.