एक उमेदवार, इंग्रजी नावे अनेक

गेल्या वर्षी सुटीत मी एका कंपनीत अर्ज टाकला होता. उत्तर आले. त्यात मी 'शॉर्टलिस्टेड' झाल्याचे लिहिले होते. मराठी माध्यमातून आलेल्या माझ्यासारख्याने सरळ हिशेब केला: लिस्ट म्हणजे यादी, आणि यादीत नाव म्हणजे निवड! आईने देवापुढे साखर ठेवली, शेजारीपाजारी बातमी गेली. ठरल्या दिवशी जाऊन पाहतो तो बाहेरच्या बाकांवर माझ्यासारखेच 'यादीतले' चाळीस जण बसलेले, आणि जागा तीन.

तेव्हापासून या शब्दांचा नाद लागला. आपल्या मराठीत नोकरी मागणारा उमेदवार, निवडणुकीला उभा राहणारा उमेदवार, आणि कारखान्यात काम शिकणारा तोही शिकाऊ उमेदवारच. शब्द मूळचा फारसी. अर्थ उमेद बाळगणारा. आपल्या हैदराबादेत उर्दू बोलणारे 'उम्मीदवार' म्हणतात तो हाच. तेलुगूत त्याला 'अभ्यर्थी' म्हणतात, म्हणजे विनंती करणारा. याच अंकाच्या कन्नड विभागातील मित्र 'अभ्यर्थी'ही म्हणतात आणि 'उमेदुवार'ही. इंग्रजीतला 'कँडिडेट' मात्र कपड्यांवरून आला आहे. प्राचीन रोममध्ये अधिकारपदासाठी उभा राहणारा गृहस्थ खडूने पांढराशुभ्र केलेला झगा घालून लोकांत फिरे, म्हणून तो 'कँडिडेटस', म्हणजे शुभ्रवस्त्रधारी. आपल्याकडच्या निवडणुकीतील पांढऱ्या कपड्यांशी याचा संबंध नाही, तरी गंमत वाटते खरी.

परीक्षेला बसणाऱ्याला इंग्रजीत 'एक्झॅमिनी' आणि मुलाखत देणाऱ्याला 'इंटरव्ह्यूई' म्हणतात. शेवटच्या 'ई'ची किल्ली वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याजवळ आधीच आहे. हुंडी लिहितो तो 'ड्रॉवर', जिच्यावर लिहिली जाते ती व्यक्ती 'ड्रॉई', आणि पैसे ज्याला द्यायचे तो 'पेई'. तसेच परीक्षा घेणारा 'एक्झॅमिनर' आणि ज्याची घेतली जाते तो 'एक्झॅमिनी'. ('ॲब्सेंटी' हा नियम मोडतो, त्याला कोणी गैरहजर केलेले नसते, तो आपणहून दांडी मारतो.) आपला 'परीक्षार्थी' याच्या अगदी उलट आहे. अर्थी म्हणजे इच्छा धरणारा. विद्यार्थ्याला विद्या हवी असते हे एक वेळ मान्य करू, पण परीक्षा कोणाला हवी असते? तरीही आपला शब्द माणसाला काय हवे ते सांगतो, आणि इंग्रजी शब्द माणसाचे काय केले जाते ते सांगतो.

शिवाय इंग्रजी शब्द माणूस कोणत्या पायरीवर उभा आहे तेही दाखवतो, आणि माझी फसगत झाली ती इथेच. अशोकनगरच्या शिकवणी वर्गांत आणि चिक्कडपल्लीच्या ग्रंथालयात दिवसभर पुस्तके उघडून बसणारी मुले 'ॲस्पिरंट', म्हणजे आकांक्षा धरून असलेली. अर्ज भरला की 'ॲप्लिकंट', आपला अर्जदार. चाळणी लागून उरला तो 'शॉर्टलिस्टेड'; त्याची निवड झालेली नसते, फक्त तो अजून गळालेला नसतो. निवड झाली की 'सिलेक्टेड', आणि नेमणुकीचे पत्र हाती पडले की 'अपॉइंटी'.

त्यानंतर येतो 'प्रोबेशनर', आणि त्याला उमेदवार समजणे ही दुसरी मोठी चूक. हैदराबादच्या सरदार वल्लभभाई पटेल राष्ट्रीय पोलीस अकादमीत (1975 साली ती माउंट अबूहून इथे आली) प्रशिक्षण घेणारे आय.पी.एस. प्रोबेशनर स्पर्धा केव्हाच जिंकून आलेले असतात. ते सेवेत असतात, पगार घेतात. फक्त कायम होणे बाकी असते. बँकेच्या प्रोबेशनरी ऑफिसरचेही तसेच.

'ॲप्रेंटिस'चे मात्र तसे नाही. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे तो प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे. त्याला मिळते ते विद्यावेतन, आणि मुदत संपल्यावर नोकरी मिळेलच असे नाही. तेव्हा हाती आलेल्या पत्रात यांपैकी कोणता शब्द आहे, हे घरी पेढे आणण्यापूर्वी पाहावे. सी.ए. करणाऱ्या मित्रांची 'आर्टिकलशिप' याच जातीची. त्यातले 'आर्टिकल' म्हणजे वर्तमानपत्रातला लेख नव्हे, करारातले कलम.

'नॉमिनी'चा घोटाळा निराळाच. पुरस्कारासाठी नाव सुचवलेला नॉमिनी परीक्षकांपुढे असतो. बँकेच्या फॉर्मवरचा नॉमिनी कोणाच्याच परीक्षेला बसलेला नसतो. खातेदाराच्या पश्चात पैसे कोणाच्या हाती द्यायचे, एवढेच त्या नावाने बँकेला कळते.

मुलाखतीनंतर त्या कंपनीचे दुसरे पत्र आले. मी 'वेटलिस्टेड' होतो. या वेळी आईला नीट समजावून सांगितले, की आधीच्यांपैकी कोणी आले नाही तरच माझा नंबर. तिने सगळे ऐकून घेतले आणि देवापुढे पुन्हा साखर ठेवली.